मोकळ्या जागेची राखण

बँकेत नव्या कारकुनाला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवली जाई. रक्कम अक्षरी लिहून झाली की पुढे 'फक्त' लिहायचे आणि उरलेल्या ओळीवर रेघ ओढायची. छापील मजकुराला सहसा कोणी हात लावीत नाही; लबाडी शिरते ती मोकळ्या जागेतून. साकोलीच्या शाखेत मी होतो तेव्हा थकबाकीच्या नोटिसा सायक्लोस्टाईल करून ठेवलेल्या असत. नाव, गाव आणि रक्कम एवढ्याच जागा कोऱ्या. सही करताना आम्ही वाचायचो ते तेवढेच तीन तपशील.

आता असे निरोप मोबाइलवर येतात. धानाचे चुकारे जमा झाल्याचा संदेश येईल म्हणून भंडारा जिल्ह्यातला शेतकरी दिवसातून चारदा खिशातला फोन काढून बघतो. त्या संदेशामागेही एक साचा असतो. 'ट्राय'च्या २०१८ च्या नियमांनुसार बँकेला तो दूरसंचार कंपनीच्या संकेतस्थळावर आधी नोंदवावा लागतो. ठरीव मजकूर जसाच्या तसा लिहायचा. नाव किंवा रक्कम जिथे बदलेल तिथे महिरपी कंसात, दोन हॅशच्या मध्ये, ठरलेली खूण. कंस मिटायचा राहिला किंवा खुणेतले एखादे अक्षर चुकले, तर यंत्राला तिथे कोरी जागा दिसतच नाही. पुढे खरा संदेश निघाला की साच्याशी त्याचा मेळ बसत नाही आणि तो वाटेतच अडतो. शेतकऱ्याला याचा पत्ताही नसतो.

८ मार्च २०२१ रोजी ही जुळणी सक्तीची झाली आणि देशभर ओटीपी अडले. दुसऱ्याच दिवशी 'ट्राय'ला ती सात दिवसांसाठी स्थगित करावी लागली. खरे तर साचा लिहिणाऱ्याला तिथल्या तिथे चूक दाखवणे काही अवघड नाही. नमुन्यादाखल एक नाव, एक गाव घालून भरलेला संदेश त्याच्यापुढे ठेवला की झाले. मात्र नमुना आपल्याकडचा हवा. सुरुवातीला एका कोऱ्या जागेला ३० अक्षरांची मर्यादा होती. 'लाखांदूर'मध्ये आपण चार अक्षरे मोजतो. यंत्र काना, अनुस्वार, उकार वेगळे धरून आठ मोजते. शेतकऱ्याचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि गाव एकाच जागेत बसवू पाहा! इंग्रजी नमुन्यावर तपासणाऱ्याला ही अडचण कळणार कशी?

शिवाय कंस बरोबर असला म्हणजे आत काय भरले तेही बरोबर, असे थोडेच आहे? गावाच्या जागी लबाडाने लिंक घातली तरी साचा जुळतोच. म्हणून १ ऑक्टोबर २०२४ पासून नोंद नसलेल्या लिंकचे संदेश अडवले जाऊ लागले. नोव्हेंबर २०२५ मध्ये 'ट्राय'ने आणखी एक आदेश काढला. कोणत्या जागेत लिंक येणार, कोणत्या जागेत फोन नंबर, हे साच्यातच आधी नोंदवायचे. आमच्या नोटिशीवर 'नाव', 'गाव', 'रुपये' हे छापलेलेच असे. यंत्राला ते सांगायला सात वर्षे लागली.

तोवर काउंटरवर फोन पुढे करून, "साहेब, हा खराच हाये का जी?" असे विचारणाऱ्याला कारकुनाने वैतागून घालवू नये.