उजवं बटण दाबून तर पाहा

घरच्या संगणकावर रोज काम करणाऱ्या कितीतरी जणांचं माऊसचं उजवं बटण वर्षानुवर्षं जवळजवळ न वापरलेलंच राहतं. डाव्या बटणाने फाइल उघडते, लिंक उघडते, विंडो बंद होते, काम भागतं. उजवं चुकून दाबलं गेलं की पडद्यावर एक लांबलचक यादी उमटते, त्यात ‘डिलीट’ही दिसतं आणि माणूस दचकतो. ज्येष्ठ मंडळींमध्ये ही धास्ती फार दिसते आणि मला तिचं मनापासून वाईट वाटतं. कारण दोन बटणांपैकी जास्त निर्धोक बटण हेच आहे.

काही खेळ आणि मोजकी खास सॉफ्टवेअर सोडली, तर नुसतं उजवं बटण दाबल्याने काहीही उघडत नाही, पुसलं जात नाही की हलत नाही. खानावळीत बसल्यावर ‘आज काय काय आहे?’ असं विचारावं, तसं ते आहे. विचारलं म्हणून लगेच ताट पुढ्यात येत नाही. यादी नको असेल तर कीबोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातलं एस्केप दाबावं किंवा यादीबाहेर मोकळ्या जागेत डावं क्लिक करावं. सगळं होतं तसंच राहतं.

हा प्रश्न नेमका कोणाला विचारला जातो, हे बाणाच्या टोकावर ठरतं. बाण फोटोवर असेल तर तो फिरवण्याचे, छापण्याचे, पाठवण्याचे पर्याय येतात. डेस्कटॉपच्या रिकाम्या जागेवर असेल तर नवीन फोल्डर करायची सोय दिसते. मजकूर लिहिताना एखाद्या शब्दाखाली लाल नागमोडी रेघ आली असेल तर त्या शब्दावर राइट क्लिक करावं. शुद्ध रूपं सुचवली जातात.

हे घडतं कसं? बटणाखाली एक छोटा स्विच असतो, त्यात धातूची लवचीक पट्टी. आपल्याला ऐकू येतो तो ‘टक’ आवाज त्या पट्टीचा. पट्टी टेकताना काही सहस्रांश सेकंद थरथरते आणि एका दाबाचे अनेक दाब भासू शकतात, म्हणून माऊसमधली चिप ती थरथर गाळून टाकते. साधा यूएसबी माऊस साधारण दर 8 मिलिसेकंदांनी आपली खबर संगणकाला देतो. सगळ्यात साध्या रूपात ही खबर जेमतेम 3 बाइटची असते. दुसऱ्या आणि तिसऱ्या बाइटमध्ये माऊस आडवा-उभा किती सरकला ते असतं. पहिल्या बाइटमध्ये बटणं असतात: पहिला बिट डाव्या बटणाचा, दुसरा उजव्याचा. उजव्या बटणाबद्दल माऊसला जे सांगायचं असतं ते एवढंच, एका बिटाचं शून्य किंवा एक. पुढचं सगळं पडद्यामागचं सॉफ्टवेअर करतं. बाण कोणत्या वस्तूवर आहे ते शोधायचं, त्या प्रकारच्या वस्तूवर काय काय करता येतं याची नोंद पाहायची आणि यादी बाणापाशीच उघडायची.

विंडोजवर एक गंमत करून पाहण्यासारखी आहे. एखाद्या फाइलवर उजवं बटण दाबा आणि बोट उचलू नका. यादी येत नाही. बोट उचललं की येते. हा उशीर मुद्दाम ठेवलेला आहे, कारण बटण दाबून धरून वस्तू ओढायलाही ते वापरता येतं. बोट उठेपर्यंत तुमच्या मनात काय आहे, हे संगणकाला कळू शकत नाही.

यादी बाणापाशीच का उघडते, त्यामागेही शास्त्र आहे. पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये हाताच्या हालचालींचा एक नियम मांडला. लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान, तितका तिथे पोचायला वेळ जास्त. वरच्या पट्टीतल्या मेनूपर्यंत पडदाभर प्रवास करावा लागतो. हातापाशी उघडणाऱ्या यादीत तो जवळपास उरतच नाही.

इतकी सोयीची गोष्ट, तरी ती सर्वमान्य व्हायला तीस वर्षं गेली. डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी 1964 मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये पहिला माऊस बनवला. लाकडी खोकं, खाली काटकोनात बसवलेली दोन चाकं आणि वर एकच बटण. 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्ट यांनी तो जाहीरपणे वापरून दाखवला तेव्हा बटणं तीन झाली होती. त्या खोक्यावर मावली तितकी बसवली, इतकं साधं कारण त्यांनी पुढे सांगितलं. 1973 पासून झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात आल्टो संगणकालाही तीन बटणांचा माऊस होता. तिथल्या स्मॉलटॉक प्रणालीत बाणापाशी उमटणारी यादी अवतरली. तिचं श्रेय डॅन इंगल्स यांना दिलं जातं. आज आपण जे राइट क्लिक करतो त्याचं मूळ तिथे आहे.

पण तीन बटणांत नवखी माणसं गोंधळत. कुठलं कशासाठी, हे लक्षात राहत नसे. झेरॉक्सने लोकांवर चाचण्या घेऊन 1981 च्या स्टार संगणकाला दोन बटणं दिली; डाव्याने निवडायचं, उजव्याने निवड वाढवायची. ॲपल आणखी पुढे गेली. झेरॉक्समधून तिथे आलेले लॅरी टेस्लर एकाच बटणाचे ठाम पुरस्कर्ते होते. 1983 चा लिसा आणि 1984 चा मॅकिंटॉश एकाच बटणाचे निघाले. चुकीचं बटण दाबलं जाण्याचा संभवच नको, हा त्यामागचा विचार होता आणि ज्यांनी आयुष्यात संगणक पाहिलेला नव्हता त्यांच्यासाठी तो माणुसकीचा होता, असं मी मानतो.

तरी त्याची किंमत मोजावी लागलीच. एका बटणावर दोन कामं टाकायची तर डबल क्लिक आलं. ते वेळेत बसवावं लागतं. विंडोजमध्ये मूळ मर्यादा अर्ध्या सेकंदाची आहे. थरथरत्या किंवा आखडलेल्या बोटांना दोनदा चटकन दाबणं जड जातं आणि मधे माऊस हलला तर फाइल सरकून बसते. अशांनी फाइलवर एकदा राइट क्लिक करून यादीतलं ‘ओपन’ निवडावं. घाई नाही, चुकण्याची भीतीही नाही. डबल क्लिक जमत नाही म्हणून संगणक सोडून देणाऱ्या आजी-आजोबांना ही एक युक्ती कुणीतरी शेजारी बसून दाखवायला हवी.

मायक्रोसॉफ्टच्या माऊसला 1983 पासून दोन बटणं होती, पण पुढची दहा-बारा वर्षं विंडोजमध्ये उजव्याला फारसं काम नव्हतं. ते मिळालं 24 ऑगस्ट 1995 रोजी बाजारात आलेल्या विंडोज 95 मध्ये. तिथे डेस्कटॉप, फाइल, टास्कबार, सगळीकडे उजव्या बटणाला उत्तर मिळू लागलं. ॲपलने 1997 मध्ये कंट्रोल कळ धरून क्लिक करण्याची वाट दिली आणि एकाहून अधिक बटणांचं काम देणारा स्वतःचा पहिला माऊस 2005 मध्ये काढला.

आपल्याकडे या बटणाशी एक खास सवय जोडली गेली. संगणक सुरू झाला की डेस्कटॉपवर राइट क्लिक करून ‘रिफ्रेश’, पुन्हा रिफ्रेश, आणखी एकदा रिफ्रेश. सायबर कॅफेपासून कॉलेजच्या लॅबपर्यंत सगळीकडे हे पाहायला मिळतं आणि त्याने मशीनला वेग येतो असं मानलं जातं. तसं होत नाही. रिफ्रेशने विंडोज डेस्कटॉपवरच्या वस्तूंची यादी पुन्हा वाचतं आणि आयकॉन नव्याने रंगवतं. मेमरी मोकळी होत नाही. नुकतीच ठेवलेली फाइल दिसत नसेल तर त्याचा उपयोग आहे, तेवढाच. पण सवयीचं बळ मोठं. 2021 मध्ये विंडोज 11 च्या चाचणी आवृत्तीत हा पर्याय दुसऱ्या यादीत गेला होता, तो लवकरच पहिल्या यादीत परत आणावा लागला.

या यादीचे दोष मात्र खरे आहेत. राइट क्लिक केल्याने काय मिळेल याची कसलीही खूण पडद्यावर नसते. ज्याला ठाऊक त्यालाच सापडतं. शिवाय विंडोज इतर सॉफ्टवेअरना या यादीत आपली ओळ घुसवू देतं. झिप करणारं एक, अँटिव्हायरस दुसरं, क्लाउडवाले तिसरं. यादी लांबते आणि त्यातलं एखादं उत्तर द्यायला रेंगाळलं तर अख्खी यादी उघडायला वेळ लागतो. राइट क्लिक केल्यावर संगणक क्षणभर अडकत असेल तर माऊस बदलण्याआधी नको असलेली सॉफ्टवेअर काढून पाहावीत.

डावखुऱ्यांना सेटिंगमध्ये बटणांची अदलाबदल करता येते. लॅपटॉपच्या टचपॅडवर दोन बोटांनी टेकवलं की राइट क्लिकचंच काम होतं, आणि माऊस बिघडलाच तर शिफ्ट धरून एफ 10 दाबावं.

एक प्रयोग आज करून पाहा. पेनड्राइव्हमधला फोटो डाव्या बटणाने ओढून घरच्या संगणकावरच्या फोल्डरमध्ये टाकला तर त्याची प्रत होते. पण त्याच ड्राइव्हवरच्या एका फोल्डरमधून दुसऱ्यात ओढला तर प्रत न होता फोटोच तिकडे जातो. यामुळे कितीतरी घरांत लग्नाचे फोटो ‘गायब’ होतात. आता तोच फोटो उजव्या बटणाने ओढा आणि फोल्डरवर नेऊन बोट उचला. विंडोज थांबून विचारतं: इथे प्रत ठेवू, इथे हलवू, शॉर्टकट करू की रद्द करू?