लहान मूल आणि लहान संग्रहालय

चार-पाच वर्षांचे मूल बरोबर असले की प्रवासाचा बेत देऊळ, किल्ला, समुद्र आणि बाग एवढ्यातच आखला जातो. वाटेत एखाद्या गावात पुराणवस्तू संग्रहालयाची पाटी दिसली तरी गाडी थांबत नाही. पोर कंटाळेल, दंगा करेल, काचेवर हात आपटेल आणि एवढे करून त्याला कळणार काय, अशी त्यामागची समजूत. संग्रहालय दाखवायचेच तर मुंबईचे मोठे दाखवू, तेही मूल जरा मोठे झाल्यावर, असे ठरते. जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावातले दोन-चार दालनांचे संग्रहालय मात्र कायमचे राहून जाते. मला हा क्रम उलटा वाटतो. मुलाची संग्रहालयाशी पहिली गाठ पडावी ती छोट्या गावातल्या छोट्या संग्रहालयात, आणि त्यासाठी ते वाचायला शिकेपर्यंत थांबायची गरज नाही.

मोठ्या संग्रहालयात माणूस थकतो, हे निरीक्षण जुने आहे. बॉस्टनच्या कलासंग्रहालयाचे सचिव बेंजामिन गिलमन यांनी १९१६ साली या थकव्यावर एक लेख लिहिला. चांगली नजर असलेल्या एका माणसाला त्यांनी कपाटांतल्या वस्तूंविषयी प्रश्न दिले आणि उत्तरे शोधताना त्याला किती वाकावे लागते, ओणवे व्हावे लागते, मान ताणावी लागते, याची छायाचित्रे काढून छापली. दोष बघणाऱ्याचा नाही, मांडणीचा आहे, हे त्यांना दाखवायचे होते. धडधाकट प्रौढाची ही गत, तर तीन-सव्वातीन फूट उंचीच्या मुलाचे काय होत असेल? मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पन्नास हजारांच्या आसपास वस्तू आहेत. आईबाप तिकीट काढतात आणि ते वसूल व्हावे म्हणून मुलाला दालनामागून दालन फिरवतात. तासाभरात मूल खांद्यावर असते आणि संग्रहालय म्हणजे पाय दुखण्याची जागा, एवढे त्याच्या मनात पक्के होते. त्या संस्थेनेही हे ओळखलेले दिसते. २०१५ पासून तिची बस मोजक्या वस्तू घेऊन शाळांच्या आणि गावांच्या दारात जाते, आणि २०१९ मध्ये तिने आवारात मुलांचे वेगळे संग्रहालय उघडले. एवढ्या मोठ्या संग्रहालयाला मुलांपर्यंत पोचताना लहान व्हावे लागले, ही साधी गोष्ट नाही. गावातले संग्रहालय मुळातच त्या मापाचे असते.

माप ही एक गोष्ट झाली. त्याहून मोलाची दुसरी गोष्ट अशी की छोट्या संग्रहालयातली वस्तू आपल्या गावातच असते. धाराशिव जिल्ह्यातले तेर घ्या. तेरणेच्या काठचे, संत गोरोबाकाकांचे हे गाव म्हणजे सातवाहनांच्या काळातले तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या सागरी व्यापाराच्या पुस्तिकेत त्याचा उल्लेख आहे: भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, आणि तिथले कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराकडे जाते. गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतांत आणि पांढरीच्या टेकाडांवर सापडणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षे गोळा केल्या. वीस हजारांहून अधिक वस्तूंच्या त्या संग्रहातून आजचे शासकीय संग्रहालय उभे राहिले आणि त्याला त्यांचेच नाव दिले गेले. त्या संग्रहात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली; तिच्याशी तेरच्या मूर्तीचे साम्य अभ्यासक दाखवतात. मोठ्यांच्या अंगावर काटा यावा अशी ही गोष्ट आहे. मुलाला पॉम्पेई ठाऊक असायचे कारण नाही. त्याला बाहुली पुरते, आणि तेरला बाहुल्या भरपूर. भाजक्या मातीच्या आणि पांढऱ्या केओलिन मातीच्या या बाहुल्यांपैकी कितीतरी दोन साच्यांत केलेल्या आहेत. पुढची बाजू एका साच्यात, पाठ दुसऱ्यात. मग दोन्ही भाग ओले असतानाच एकमेकांना जोडायचे आणि भाजायचे. आतून बाहुली पोकळ. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळेही असेच दोन साच्यांत होतात. मावळ्याच्या कुशीवरून खाली उतरणारी सांध्याची रेघ ज्या मुलाने बोटाने चाचपली आहे, त्याला ‘हिची रेघ कुठे आहे, बघ’ एवढेच म्हणावे. ते काचेला नाक लावून शोधू लागेल. मण्यांच्या कपाटापाशी विचारावे, एवढ्याशा कठीण दगडाला आरपार भोक कसे पाडले असेल? आणि बाहेर पडल्यावर त्याच गावातले त्रिविक्रमाचे प्राचीन विटांचे देऊळ दाखवावे. माती, भाजलेली वीट, भाजलेली बाहुली आणि गावचा संत तोही कुंभार, हा सारा धागा एका सकाळी मुलाच्या हाती येतो. मोठ्या शहरात हीच बाहुली शेकडो बाहुल्यांत एक होऊन बसते आणि तिच्या पायाखालची माती दिसत नाही.

कोल्हापुरातही असेच घडू शकते. तिथले टाऊन हॉल संग्रहालय १९४६ मध्ये ब्रह्मपुरीच्या उत्खननानंतर सुरू झाले. त्या उत्खननात मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची काशाची मूर्ती वीतभरसुद्धा उंच नाही. समुद्राचा देव नदीकाठच्या गावात कसा आला, हा प्रश्न पाच वर्षांच्या मुलालाही पडतो, आणि पंचगंगेचा घाट व ब्रह्मपुरी दोन्ही तिथून जवळ आहेत. रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यात तर वस्तूंच्याही आधी घर बोलते. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पकडले, रत्नागिरीत आणून ठेवले आणि १९१६ मध्ये मरेपर्यंत घरी जाऊ दिले नाही. ‘घरी जाऊ दिले नाही’ ही शिक्षा केवढी, ते लहान मुलाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की मुलाला काळ कळत नाही. दोन हजार वर्षे आणि आजोबांचे लहानपण त्याला सारखेच. हे खरे आहे. पण ती समजूत दहाव्या-बाराव्या वर्षी शाळा देणारच आहे. शाळेला सहसा देता येत नाही ती सवय वेगळी: एका वस्तूसमोर उभे राहून ती कशाची आहे, कशी केली, कुणी वापरली, हे स्वतःच्या डोळ्यांनी धुंडाळण्याची. ही सवय वाचता येण्याआधी लागते, कारण मग मूल पाटीकडे न बघता वस्तूकडे बघते. दुसरा आक्षेप, मूल हे सगळे विसरून जाईल. विसरेलही. चौथ्या वर्षी आजीने सांगितलेल्या गोष्टीही आपण विसरलो, म्हणून आजीने गोष्टी सांगू नयेत असे कुणी म्हणत नाही.

तिसरा आक्षेप मला खरोखर अडवतो. आपली अनेक छोटी संग्रहालये नीट ठेवलेली नाहीत. कपाटांत उजेड अपुरा, पाट्या फिकट आणि पुस्तकी भाषेतल्या, स्वच्छतागृहाची अडचण. लहान मूल बरोबर असताना ही शेवटची गोष्ट सर्वांत आधी आठवते आणि तिला क्षुल्लक म्हणण्यात अर्थ नाही. पण यावरचा उपाय म्हणजे तिथे जाणे बंद करणे, हे मला पटत नाही. भेटवहीत नोंदी नसलेल्या संग्रहालयासाठी पैसे मागायला कुणाला तोंड राहत नाही. मुले येऊ लागली, तर कपाटाखाली लाकडी पाट ठेवणे, एक कपाट मुलाच्या नजरेच्या उंचीवर आणणे, एका वस्तूची प्रतिकृती हाताळायला बाहेर ठेवणे, एवढी कामे लहान खर्चातही होतात. संग्रहालयांच्या व्यवस्थापनाने ती करावीत आणि पालकांनी ती मागावीत.

मागण्याआधी जाणे मात्र आपल्या हातात आहे. मूल खाऊन-झोपून ताजेतवाने झालेले असावे. सगळे बघायचा हट्ट मोठ्यांनी सोडावा. तीन वस्तू पुष्कळ झाल्या आणि त्याही मुलाने निवडाव्यात. ते एकाच दिव्यापाशी रेंगाळले तर रेंगाळू द्यावे. कंटाळले की लगेच बाहेर पडावे, कारण पुढच्या वेळी ते आनंदाने आत यायला हवे असेल तर आजची भेट रडण्याने संपून चालत नाही. घरी परतल्यावर शाडूचा गोळा हातात द्यावा आणि त्याला त्याची बाहुली करू द्यावी. तुळजापूरला दर्शनाला जाणाऱ्या, लहान मुले बरोबर असलेल्या कुटुंबांनी या वर्षी जरा वाट वाकडी करून तेरसाठी एक सकाळ राखावी, ही विनंती. फक्त सोमवार टाळावा. बहुतेक शासकीय संग्रहालये त्या दिवशी बंद असतात.