दशांश दिला, म्हणजे फिटलं?

रविवारी अर्पणाची थैली पुढ्यात येईपर्यंत कोणती नोट काढायची, हे बहुतेकांचं ठरलेलं असतं. दहा टक्के दिले की उरलेले नव्वद आपले, कुणी विचारायचं नाही, हा समज तर फारच पक्का. पण दशांश म्हणजे पगारातली कपात नव्हती. धान्य, द्राक्षारस, तेल, गुरंढोरं यांतला तो वाटा असे. अनुवादाच्या १४व्या अध्यायात तर दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच साठवून लेवी, परके, अनाथ आणि विधवा यांना पोटभर जेवू द्यायला सांगितलं आहे. पुढे पौल यरुशलेमेतल्या गरिबांसाठी करिंथच्या मंडळीकडे मदत मागतो, तेव्हा टक्क्याचं नावही काढत नाही. ज्याने त्याने मनाशी ठरवावं, कुरकुरत किंवा भिडेखातर देऊ नये, एवढंच सांगतो. मला तर हे दहा टक्क्यांपेक्षा अवघड वाटतं.

पैसा हेच पापाचं मूळ, असंही बायबलच्या नावावर खपवलं जातं. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात दोष पैशाला नाही, पैशाच्या लोभाला दिलाय. तो खिशात दमडी नसतानाही जडतो.

‘आमच्याकडे द्यायला आहेच काय?’ मंदिरातल्या त्या विधवेने टाकलेली दोन नाणी मिळून मजुराच्या दिवसाच्या रोजाचा साधारण चौसष्टावा भाग होता. आज रोज ५०० रुपये धरला, तर आठ रुपयेही नाहीत. येशूने तिचं दान मोजलं ते मागे काय उरलं यावरून. मिझोराममधल्या प्रेस्बिटेरियन बायका १९१०पासून ‘बुहफाइ थाम’ पाळतात. भाताला तांदूळ घेतले की त्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात जाते. साठलेला तांदूळ विकून पैसे मंडळीच्या कामाला लागतात. भात काय, गरिबाघरीही शिजतोच.

आणि समाधानी माणूस म्हणजे हातपाय गाळून बसलेला, हे कुणी सांगितलं? फिलिप्पैकरांना पौल कैदेतून लिहितो की भरल्या पोटी आणि उपाशी, दोन्ही परींनी राहायला आपण शिकलो. शिकलो, म्हणजे स्वभावातच नव्हतं. त्याच्या लगेच पुढचं वचन आपण परीक्षेच्या शुभेच्छापत्रांवर छापतो, पण ते पहिल्या नंबराबद्दल नाही, या शिकण्याबद्दलच आहे. शिवाय मदत घ्यायला तो लाजत नाही. त्याच पत्रात एपफ्रदीताच्या हाती आलेल्या देणगीची तो पोच देतो, आणि त्यासाठी वापरलेला ग्रीक शब्द त्या काळच्या व्यापारी पावत्यांवरचा आहे.