सातव्या क्रमांकाचे आठ गुण

फॉर्म्युला वनच्या लगेच खालच्या फॉर्म्युला टू मालिकेत वर्षअखेरीला पहिल्या तिघांत आलेल्या चालकाला ‘सुपर लायसन्स’चे ४० गुण मिळतात. चौथ्याला ३०, पाचव्याला २०, सहाव्याला १० आणि सातव्याला ८. फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरायचं तर तीन वर्षांच्या हिशोबात ४० गुण गाठीशी हवेत, असा एफआयए या जागतिक संघटनेचा नियम आहे. तिसऱ्याचं काम एका वर्षात होतं. सातव्याला इतर स्पर्धांमधून गुण गोळा करत फिरावं लागतं. मुंबईचा जेहान दारूवाला २०२१ साली या मालिकेत सातवा आला. २०२२ सालीही सातवाच.

भारतातून फॉर्म्युला वनमध्ये आजवर दोघेच पोहोचले. २००५ साली जॉर्डन संघाकडून नारायण कार्तिकेयन आणि २०१० साली एचआरटी संघाकडून करुण चंडोक. तिसरं नाव जेहानचं असेल, असं दोन-तीन वर्षं अगदी जवळ आल्यासारखं वाटत होतं. ते का झालं नाही, याचं उत्तर आपल्याकडे चटकन दिलं जातं: पैसा नाही, ट्रॅक नाही, क्रिकेटपुढे कुणाला काय दिसतं. इतरांच्या बाबतीत ते खरंही असेल. जेहानच्या बाबतीत ते फार सोपं उत्तर आहे, कारण पैसा होता. वडील खुर्शेद दारूवाला हे स्टर्लिंग अँड विल्सन या उद्योगातलं मोठं नाव. फॉर्म्युला टूचा एक हंगाम अंदाजे वीस ते तीस लाख युरोंचा असतो, त्यामुळे हा भाग झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण पैशाने गाडीत बसता येतं, पात्रता फेरीतला दशांश सेकंद विकत मिळत नाही.

१९९८ साली जन्मलेला जेहान या खेळाच्या मानाने उशिरा सुरू झाला. युरोपातली मुलं सहा-सात वर्षांची असतानाच कार्टमध्ये बसतात. कार्ट म्हणजे जमिनीला जवळजवळ टेकलेली, सस्पेन्शन नसलेली छोटी गाडी, जिच्यात रस्त्याचा प्रत्येक हिसका थेट पाठीच्या कण्याला कळतो. जेहानला मुंबईत गुरू मिळाले ते रेयोमंड बनाजी, स्वतः राष्ट्रीय पातळीवरचे विजेते चालक. मग २०११ साली फॉर्म्युला वनमधल्या फोर्स इंडिया संघाने ‘वन फ्रॉम अ बिलियन’ नावाचा शोध घेतला आणि तीन मुलं निवडली: अर्जुन मैनी, तरुण रेड्डी आणि जेहान. त्याच वर्षी ग्रेटर नोएडात बुद्ध सर्किटवर पहिली भारतीय ग्रांप्री झाली. ती २०१३ नंतर बंद पडली आणि फोर्स इंडिया २०१८ साली दिवाळखोरीत गेला. म्हणजे ज्या उत्साहात या मुलांची निवड झाली, तो त्यांची मिसरूड नीट फुटेपर्यंतही टिकला नाही.

महाराष्ट्रात या खेळाचं खरं मूळ मुंबईपेक्षा कोल्हापुरात शोधावं, असं माझं मत आहे. तिथे मोहिते कुटुंबाच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या होतात, आणि त्याच गावचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत जाऊन आला. पण कार्टिंगच्या पुढे सगळ्यांनाच विमान पकडावं लागतं. जेहानही गेला. २०१५ साली फॉर्म्युला रेनॉ, मग थंडीच्या महिन्यांत न्यूझीलंड, कारण तिथे तेव्हा उन्हाळा असतो आणि युरोप सुरू होण्याआधी हात चालते राहतात. २०१७च्या फेब्रुवारीत मॅनफील्डच्या ट्रॅकवर त्याने न्यूझीलंड ग्रांप्री जिंकली. त्याच वर्षी युरोपियन फॉर्म्युला थ्रीमध्ये न्यूरेम्बर्गच्या नोरिसरिंगला शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला. कार्लिन संघात तेव्हा त्याचा एक जोडीदार होता लँडो नॉरिस, जो त्या वर्षी विजेता झाला. २०१९ साली एफआयए फॉर्म्युला थ्रीमध्ये प्रेमा या इटालियन संघाकडून जेहानने दोन शर्यती जिंकल्या आणि मालिकेत तिसरा आला. पहिले दोघेही त्याच्याच संघातले होते. हा तपशील लक्षात ठेवायला हवा, कारण या खेळात जोडीदार हाच खरा परीक्षक असतो.

असं का, ते गाडीकडे पाहिलं की कळतं. फॉर्म्युला टूमध्ये सगळ्यांची गाडी एकच: डलाराची चासी, मेकाक्रोमचं ३.४ लिटरचं व्ही-६ टर्बो इंजिन, सुमारे ६२० अश्वशक्ती, पिरेलीचे टायर. फॉर्म्युला वनमध्ये मागे पडलेल्या चालकाला गाडीला दोष देता येतो. इथे ती सोय नाही, आणि एकाच संघातल्या दोघांपाशी तर मेकॅनिकही एकाच गॅरेजातले असतात. या गाडीला पॉवर स्टीअरिंग नाही. वेगात घेतलेल्या वळणावर हवेचा दाब गाडीला खाली रेटतो आणि स्टीअरिंग दगडासारखं जड होतं. शर्यत संपेपर्यंत ते दोन हातांच्या जोरावरच फिरवायचं असतं. त्यात टायर मुद्दाम लवकर झिजतील असे बनवलेले. पहिल्या पाच लॅप जीव तोडून चालवणारा शेवटच्या पाचांत रांगत येतो. म्हणून इंजिनिअर रेडिओवर वेग वाढव म्हणण्यापेक्षा टायर सांभाळ हेच जास्त वेळा सांगतो. चालकाने हळू जायचं, पण मागच्याला ते जाणवू द्यायचं नाही, हे सगळ्यात अवघड कौशल्य.

आणि शर्यतीत कोण कुठून सुटणार हे ठरवणारी पात्रता फेरी? अर्धा तास. त्याआधी सरावाचं एकच सत्र. नव्या टायरची उत्तम पकड एखाद-दुसऱ्या लॅपपुरतीच टिकते. त्या वेळी समोर संथ गाडी आली, किंवा कुणी वाळूत अडकून लाल झेंडा निघाला, की पुढचे दोन दिवस मधल्या गर्दीत काढायचे. ही गर्दी चुकवण्याची एक विचित्र वाट नियमांतच आहे: उलटी रांग. छोट्या ‘स्प्रिंट’ शर्यतीत पहिल्या काही जणांचा क्रम उलटा लावतात, म्हणजे जो आठवा-दहावा आहे तो सगळ्यात पुढे. प्रेक्षकांना मजा येते, ओव्हरटेकिंग पाहायला मिळतं.

६ डिसेंबर २०२०. बहारीनमधल्या साखीरच्या आखूड बाहेरच्या ट्रॅकवर हंगामाची शेवटची स्प्रिंट. जेहान उलट्या रांगेमुळे पहिल्या ओळीत होता. मिक शूमाखर त्या दिवशी मालिकेचा विजेता ठरला, पण शर्यत जिंकली जेहानने. फॉर्म्युला टूमध्ये जिंकणारा तो पहिला भारतीय. दुसरा आला युकी त्सुनोदा. भारतात बातम्या झाल्या त्या पहिल्या क्रमांकाच्या, पण मला त्या निकालातला दुसरा क्रमांक जास्त बोलका वाटतो. त्सुनोदा हा जेहानचाच कार्लिनमधला जोडीदार. दोघांनाही रेड बुलच्या ज्युनिअर योजनेचा हात होता. दोघांचाही फॉर्म्युला टूमधला तो पहिला हंगाम. वर्षअखेरीला त्सुनोदा २०० गुणांनी तिसरा आणि जेहान ७२ गुणांनी बारावा. पुढच्याच वर्षी त्सुनोदा रेड बुलच्या अल्फाटॉरी संघातून फॉर्म्युला वनमध्ये गेला.

अल्फाटॉरीच्या गाडीतलं इंजिन होंडाचं होतं आणि त्सुनोदा होंडाने घडवलेला मुलगा होता, हे इथे सांगायला हवं. त्याच्या पाठीशी फक्त रेड बुल नव्हतं, जपानची एक मोठी कंपनी होती, जिला स्वतःच्या देशाचा चालक हवा होता. पण हे निमित्त पुढे करून जेहानचा हिशोब मिटत नाही. त्याच्या फॉर्म्युला टूमधल्या चार विजयांपैकी तीन उलट्या रांगेच्या शर्यतींतले: साखीर, मग २०२१ साली मोंझा आणि यास मरीना. मुख्य शर्यतीतला विजय एकच, २०२२ साली पुन्हा मोंझालाच. शर्यतीत तो हुशार होता, टायर राखून चालवायचा, गाडी फारशी आपटायचा नाही. उणीव होती ती शुक्रवारच्या पात्रता फेरीच्या त्या अर्ध्या तासात. शनिवारी स्प्रिंट जिंकून टाळ्या मिळतात, पण संघमालक शुक्रवारचा तक्ता पाहतात.

२०२२च्या जूनमध्ये मॅक्लारेनने त्याला सिल्व्हरस्टोनला आदल्या वर्षीच्या फॉर्म्युला वन गाडीत बसवलं. त्याच वर्षी तो पुन्हा प्रेमा संघात होता, म्हणजे आदल्या वर्षी ऑस्कर पियास्त्रीला विजेता बनवणाऱ्या संघात. सुरुवातीला पोडियमची रांग लागली. तरी वर्षअखेरीला सातवा. रेड बुलची साथ सुटली. २०२३ साली तो एमपी मोटरस्पोर्टकडे गेला, ज्यांचा फेलिपे द्रुगोविच नुकताच विजेता झाला होता. तिथे एकही विजय मिळाला नाही.

आता द्रुगोविचचं काय झालं ते पाहा. विजेत्याला पुन्हा फॉर्म्युला टू खेळता येत नाही, तसा नियमच आहे. शाळेत पहिला आलेल्याला निदान वरचा वर्ग तरी मिळतो. द्रुगोविचला ॲस्टन मार्टिनकडे राखीव चालकाचं काम मिळालं. २०२३चा विजेता तेओ पूर्शेर, त्याचंही तेच. २०१९चा विजेता निक डी व्रीस फॉर्म्युला वनची कायमची सीट मिळवायला २०२३पर्यंत थांबला आणि अर्ध्या हंगामात बाहेर पडला. दहा संघ, वीस जागा, त्यातल्या बहुतेक अनेक वर्षांच्या करारांनी अडलेल्या. २०२६पासून कॅडिलॅकमुळे दोन वाढल्या, इतकंच. सातव्या क्रमांकाचं सोडा, पहिलासुद्धा जिना संपल्यावर बंद दारापाशी उभा राहतो.

जेहान फॉर्म्युला ई या विजेच्या गाड्यांच्या मालिकेत गेला आणि २०२४च्या हंगामात मासेराती संघाकडून उतरला. फेब्रुवारीत हैदराबादला घरच्या प्रेक्षकांपुढे चालवायचं ठरलं होतं. तेलंगणात सरकार बदललं आणि जानेवारीत ती शर्यत रद्द झाली. हंगाम संपल्यावर मासेरातीतली त्याची जागाही गेली.

दरम्यान ‘वन फ्रॉम अ बिलियन’मधल्या अर्जुनचा धाकटा भाऊ, बेंगळुरूचा कुश मैनी, फॉर्म्युला टूमध्ये आला. २०२४ साली त्याला हंगेरीची स्प्रिंट मिळाली, कारण पहिला आलेला चालक नंतर अपात्र ठरला. २०२५ साली मोनॅकोची स्प्रिंट मात्र त्याने ट्रॅकवरच जिंकली. पुन्हा उलटी रांग. त्या वर्षी त्याच्याकडे अल्पीनच्या राखीव चालकाचं काम होतं. २०२३पासून भारतात एफआयएच्या मान्यतेची फॉर्म्युला फोर मालिकाही सुरू झाली आहे, त्यामुळे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला पहिल्या पायरीसाठी तरी युरोप गाठावं लागत नाही. दुसऱ्या पायरीपासून पासपोर्ट, युरो आणि शुक्रवारचा तो अर्धा तास लागतोच.