चाकाचे घाट, पायाचे घाट

घाटमाथा आणि कोकण यांच्यामध्ये सह्याद्रीचा सहाशे-सातशे मीटरचा कडा उभा आहे. तो उतरायच्या तऱ्हा दोनच: डांबरी रस्त्यानं वळसे घेत, नाहीतर पायवाटेनं थेट. गेल्या पंचवीसेक वर्षांत आमच्या टोळक्यानं दोन्ही केल्या. पाऊस सरला की घाटवाटा आणि थंडी पडली की सायकल, असा साधारण शिरस्ता. या काळात डांबरी घाट रुंद होत गेले आणि पायवाटा मोडत गेल्या. पण त्या का मोडल्या, याचं जे उत्तर सगळे देतात ते मला पुरतं पटत नाही.

सुरुवातीला हाताशी होतं ते म्हणजे आनंद पाळंदे यांचं ‘डोंगरयात्रा’, टोपोशीटची झेरॉक्सवर झेरॉक्स काढून पुसट झालेली प्रत आणि मुक्कामी एसटी. संध्याकाळची गाडी शेवटच्या गावात जाऊन थांबायची, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपायचे आणि उजाडता उजाडता ती परत फिरायची. आम्ही देवळात पथारी पसरायचो. वाट विचारायची ती गावातल्या म्हाताऱ्यांना. ते हातानं दाखवायचे, ‘ती सोंड धरायची, मग आंब्यापाशी डावी घालायची’. तो आंबा बरेचदा वीस वर्षांपूर्वीच पडलेला असायचा, तरी वाट सापडायची, कारण ती रोजच्या चालीतली असायची.

मढे घाटाच्या माथ्यावरचं केळद हे आमचं लाडकं गाव. इथून उपांड्या घाटानं खाली कर्णवडीला उतरायचं आणि मढे घाटानं परत वर यायचं, असा एका दिवसाचा सुरेख फेरा होतो. 1670 साली तानाजी मालुसऱ्यांचं शव सिंहगडावरून उमरठला नेलं ते मढे घाटानंच, असं परंपरा सांगते. आता रविवारी इथं धबधबा बघायला मोटारींची रांग लागते. उपांड्याकडे मात्र कुणी वळत नाही. त्या उपांड्यात सुरुवातीच्या दिवसांत एक बाई भेटल्या होत्या. डोक्यावर बोचकं, पायात काही नाही, मागे दहा-बारा वर्षांचा पोरगा आणि त्याच्या हातात पाय बांधलेली कोंबडी. माहेर वर, सासर खाली. आम्ही काही विचारायच्या आधी त्यांनीच विचारलं, ‘‘पावनं, खाली कोन हाय तुमचं?’’ कुणी नाही, सहज उतरतोय, म्हटल्यावर त्यांनी पोराकडे बघून हसू दाबलं आणि पुढे झाल्या. पायाखालची माती घसरती होती. आम्ही बूट घालून कारवीच्या दांड्या पकडत उतरत होतो आणि त्या बोलत बोलत दिसेनाशा झाल्या.

घाटवाटांचं मर्म मला त्या प्रश्नात दिसतं. पुस्तकांतून आपण वाचतो तो व्यापार. कोकणातलं मीठ आणि सुकी मासळी वर, देशावरचं धान्य आणि गूळ खाली, वंजाऱ्यांचे बैलांचे तांडे, जकातीची नाकी. ते सगळं खरंच. पण बैलांचे तांडे रेल्वे आणि गाडीरस्त्यांनी एकोणिसाव्या शतकातच मोडीत काढले. त्यानंतरही शंभरेक वर्षं या वाटा पायांखाली राहिल्या त्या सोयरिकींवर. वरच्या गावची पोर खालच्या गावात दिलेली, मग सणाला मूळ जायचं, बाळंतपणाला आणायचं, मयतीला धावायचं. पायवाटेनं दोन-तीन तासांवरचं सासर गाडीरस्त्यानं भल्यामोठ्या वळशावर पडतं.

वाटा का मोडल्या, असं विचारलं की लोक म्हणतात, रस्ते आले म्हणून. 2000 साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत माथ्यावरच्या वाड्यांपर्यंत डांबर पोचलं, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. पण हे रस्ते खाली कोकणात जात नाहीत, ते तालुक्याला आणि तिथून पुण्याला जातात. रस्त्यामागून पोरं पुण्याला गेली, खालच्या गावातली मुंबईला, आणि मग स्थळंही तिकडचीच येऊ लागली. वर-खाली नातीच जुळेनाशी झाल्यावर उतरायचं कुणाकडे? रस्त्यानं पायवाटेची जागा घेतली नाही, पायवाटेचं कारण तेवढं नेलं.

त्यात कारवीची भर. पूर्वी कारवी तोडून तिच्या कुडाच्या भिंती करत. आता विटा आणि पत्रे आले, तोड थांबली आणि कारवी वाटांवर चालून आली, असा माझा आपला अंदाज आहे. ही झुडपं दर सात-आठ वर्षांनी एकदम फुलतात. बोरिवलीच्या जंगलात ती 2008, 2016 आणि 2024 साली फुलली. बहर संपला की वाळलेल्या काठ्यांचं रान उभं राहतं. त्यातून पाठीवर सॅक घेऊन शिरणं म्हणजे दर चार पावलांनी मागे खेचलं जाणं.

नाणेघाट याला अपवाद. सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मीतला लेख, त्यात यज्ञांची आणि दान दिलेल्या गाई-हत्तींची यादी, आणि माथ्यावर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण. दोन हजार वर्षांचा हा घाट आज पावसाळ्यातल्या गर्दीमुळे टिकून आहे. वाऱ्यानं वर उडणारा तो ‘उलटा धबधबा’ मोबाइलवर पसरला आणि माथ्यावर जुन्नरकडून गाड्यांची रीघ लागली. शनिवार-रविवार सोडून मधल्या वारी वैशाखऱ्याहून चढावं. शेवटच्या टप्प्यात कातळात खोदलेल्या पायऱ्या लागतात. नीट वाकून पाहिलं तर झीज मधोमध नाही, एका कडेला आहे. खालच्या बाजूला दरी, म्हणून ओझं घेतलेला माणूस आणि जनावर आपसूक भिंतीकडेनं चाललं असणार. लेख वाचायला ब्राह्मी यावी लागते, हे मात्र कुणालाही वाचता येतं.

सायकलची गोष्ट वेगळी. तिथं आधी बोरघाटच. 1830 साली गव्हर्नर माल्कमनं तो गाड्यांसाठी खुला केला, 1863 साली रेल्वे चढली. रेल्वेचा चढ 37 फुटांना एक फूट, आणि मालगाडीला मागून ढकलायला आजही जादा इंजिनं लागतात. 2002 पर्यंत एक्सप्रेसवे पुरा झाला, तिथं सायकलला मज्जाव. सायकलवाल्यांसाठी उरतो तो खोपोलीहून शिंग्रोबाच्या देवळाकडे जाणारा जुना चढ. इंग्रजांना वाट दाखवणारा धनगर म्हणजे हा शिंग्रोबा, अशी आख्यायिका. ट्रकवाले चालत्या गाडीतून नाणं टाकतात आणि ते टणकन उडून कधी आपल्या चाकापाशी येतं. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत ‘घाटाचा राजा’ ठरायचा तो याच चढावर. वरचा अमृतांजन पूल 1830 चा. 2020 च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत रस्ता ओस पडलेला असताना, तो सुरुंग लावून पाडला. अपघात व्हायचे, वाहतूक तुंबायची, पाडण्याला कारण होतं हे मान्य. तरी एकशे नव्वद वर्षांच्या कमानी ही काही रोज मिळणारी चीज नव्हे.

चढापेक्षा उतार माणसाची परीक्षा घेतो. वरंधा घाटात भोरकडून महाडला उतरताना वाघजाईच्या देवळापाशी थांबायचं ते केवळ भज्यांसाठी नाही. जुन्या सायकलींना रबरी ब्रेक, ते सतत रिमवर घासून रिम इतकी तापायची की बोट टेकवत नसे आणि जळक्या रबराचा वास भज्यांच्या वासात मिसळायचा. तापलेल्या रिमनं ट्यूब फुटते, म्हणून भजी गार होईपर्यंत बसायचं. डिस्क ब्रेक आले आणि ही सक्तीची विश्रांती गेली. पोरं आता न थांबता खाली जातात, भजीवाल्यांचं नुकसान.

2021 च्या जुलैत मात्र सगळ्यांनाच थांबावं लागलं. महाड तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं, आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजागी खचला. रस्ता रुंद करायला डोंगराचा पाय कापायचा आणि वरची माती सुटली की लोखंडी जाळी ठोकायची, हा उद्योग आम्ही घाटामागून घाटात पाहिला. पायवाटांवर दरड येत नाही असं नाही. पण वाट दगडाला वळसा घालते आणि चालू राहते.

चाकाच्या घाटांवरही आता पायवाटांसारखीच पाळी येऊ लागली आहे. 2023 च्या गणपतीत कशेडीच्या बोगद्याची एक बाजू कोकणात जाणाऱ्या हलक्या वाहनांना खुली झाली आणि वर्षानुवर्षं ज्या घाटात एसट्यांच्या धुरानं डोळे चुरचुरायचे तिथली वर्दळ उतरणीला लागली. सायकलला याहून चांगला घाट सध्या नाही: चढ बेताचा, सावली भरपूर, आणि पोलादपूरला नाश्ता करून निघालं तर ऊन चढायच्या आत खेडच्या बाजूला उतरता येतं. टपरीवाले मात्र पुढे काय करायचं ते ठरवताहेत. यंदाच्या थंडीत तिकडेच जाणार आहोत, डांबर शाबूत आहे तोवर.