चित्र मुरुडचं, आवाज मुंबईचा

अलिबागहून काशीद, नांदगाव मागे टाकून मुरुडला पोचता पोचता टेकडीवर घुमट-कमानींचा एक वाडा दिसतो. जंजिऱ्याच्या नवाबांचा राजवाडा. पण ऐंशीच्या दशकात भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटी पाहत जे मोठे झाले, त्यांच्या लेखी ही सामरी नावाच्या सैतानाची हवेली. १९८४ सालच्या ‘पुराना मंदिर’ या भयपटातला हा वाडा म्हणजे रामसे बंधूंनी रायगडच्या किनाऱ्यावरून उचललेली सर्वांत मोठी गोष्ट. वाडा नेला, समुद्र नेला, कमानींमधला अंधारही नेला. आवाज मात्र मुरुडचा जवळजवळ काहीच नेला नाही.

यात त्यांचा आळस नव्हता. त्या काळातला चित्रीकरणाचा कॅमेरा चालू झाला की एवढा घरघरायचा, की सेटवर ध्वनिमुद्रण झालंच तर ते फक्त पुढच्या डबिंगला आधार म्हणून. मग मुंबईच्या स्टुडिओत दृश्याच्या तुकड्याची दोन्ही टोकं जोडून त्याचा लूप करायचा, तो पडद्यावर पुन्हा पुन्हा फिरवायचा आणि नटाने ओठांबरहुकूम बोलायचं. संवाद असे आले, की पावलं, दारं, कपड्यांची सळसळ हे सगळं वेगळं करायचं. आज त्याला सगळे फोली म्हणतात. हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओतल्या जॅक फोली यांच्यावरून पडलेलं हे नाव. तेव्हा आपल्याकडे साधं ‘इफेक्ट्स’ म्हणायचे. म्हणजे ‘पुराना मंदिर’मध्ये मुरुडच्या फरशीवर पडणारं पाऊल प्रत्यक्षात मुंबईतल्या एखाद्या लादीवर पडलेलं.

रामसेंच्या घरात आवाजाचं वळण आधीपासून होतं. वडील फतेहचंद रामसिंघानी यांचं कराचीत रेडिओचं दुकान. गोऱ्या गिऱ्हाइकांना आडनाव उच्चारता येईना, म्हणून ‘रामसे’. फाळणीनंतर दुकान मुंबईत लॅमिंग्टन रोडला आलं आणि तिथून हे कुटुंब सिनेमात शिरलं. १९७० सालचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला; पण पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करतात त्या प्रसंगाला लोक दाद देत होते, हे मुलांनी थिएटरात बसून हेरलं. मग १९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’ आला आणि भुतांचा घरगुती कारखाना सुरू झाला. सात भावांत कामं वाटलेली. तुलसी आणि श्याम दिग्दर्शक, गंगू कॅमेऱ्यावर, कुमार पटकथेला, अर्जुन संकलनाला. ध्वनी किरणकडे.

याच भावांना वडिलांनी काश्मीरला हाउसबोटीत नेऊन जोसेफ मॅसेली यांचं ‘फाइव्ह सीज ऑफ सिनेमॅटोग्राफी’ हे पुस्तक घोकायला लावलं होतं. त्यातले पाच ‘सी’ म्हणजे कॅमेऱ्याचे कोन, सातत्य, संकलन, क्लोज-अप आणि रचना. ध्वनी त्यात कुठेच नाही. रेडिओवाल्याच्या मुलांनी तो आपला आपण शोधला, असंच म्हणावं लागेल. त्यांच्या सिनेमांचे मुखवटे आज हसू आणतात, मेकअप ओघळतो, विनोदी उपकथानक तर सहन होत नाही. पण सोसाट्याचा वारा, करकरणारं दार आणि मध्येच पडणारी शांतता, हे अजून काम करतं.

भयपटाचं ध्वनीकाम जवळून पाहिलं तर त्यात भूत कुठेच नसतं; असते भाजी. हाड मोडायचं तर माइकजवळ सेलरीची जुडी पिळायची. सुरा खुपसायचा तर कलिंगड. हिचकॉकने ‘सायको’साठी (१९६०) वेगवेगळ्या खरबुजांवर सुरे चालवून घेतले आणि डोळे मिटून ऐकत त्यातली एक जात पसंत केली. ‘द एक्झॉर्सिस्ट’मध्ये (१९७३) मुलीची मान गर्रकन फिरते, तो आवाज कार्डं भरलेल्या जुन्या चामडी पाकिटाला दिलेल्या पिळाचा. घरात दार करकरलं की आपण बिजागरीला तेल घालतो. इफेक्ट्सवाला तीच गंजकी बिजागरी जपून ठेवतो.

या कामाचा माणसाच्या मनावर काय परिणाम होत असेल, यावर एक आख्खा सिनेमा आहे. पीटर स्ट्रिकलंडचा ‘बर्बेरियन साउंड स्टुडिओ’ (२०१२). सत्तरच्या दशकात गिल्डरॉय नावाचा एक भिडस्त इंग्रज ध्वनितंत्रज्ञ इटलीत येतो. भूमिका टोबी जोन्सची. निसर्गपट करण्याची सवय असलेल्या या माणसाला इथे बायकांच्या छळाचे आवाज करायला लागतात. तो भयपट आपल्याला श्रेयनामावलीखेरीज दिसतच नाही. दिसतात कापलेली कलिंगडं, ठेचलेले कोबी, देठापासून उपटलेले मुळे आणि नंतर कुजत पडलेला त्यांचा ढीग. बिचारा विमानभाड्याचे पैसे मागत फिरतो आणि त्याला सांगतात, त्या रात्री असं विमानच नव्हतं. सिनेमाच्या धंद्यात बिलं थकलेल्या कोणालाही हा प्रसंग भुताहून भयंकर वाटेल. शेवटाकडे सिनेमा मुद्दाम विस्कटतो. काहींना तो फसलेला वाटतो. मला तो भाग सगळ्यात प्रामाणिक वाटला. दिवसभर किंकाळ्या पुन्हा पुन्हा वाजवून पाहणाऱ्याला संध्याकाळी सरळ गोष्ट कशी दिसावी?

आपल्याकडे पुढे तंत्र बदललं. ‘लगान’नंतर (२००१) चित्रीकरणातच ध्वनी घेण्याची पद्धत रुजली. ‘भूत’ने (२००३) हवेली सोडून उंच इमारतीतला फ्लॅट आणि लिफ्ट घेतली. राही अनिल बर्वेच्या ‘तुंबाड’मध्ये (२०१८) पाऊस हे जवळजवळ एक पात्रच आहे, त्याच्या ध्वनिरचनेसाठी कुणाल शर्मा यांना फिल्मफेअर मिळालं. कोकणातला पाऊस कसा अंगावर येतो, हे तिथे पहिल्यांदा पडद्यावर नीट ऐकू आलं.

मुरुडचा आवाज मात्र अजून तसाच पडून आहे. काशीदच्या सुरूच्या बनात वारा शिरला की समुद्र दोन बाजूंनी ऐकू येतो, कुठली बाजू खरी ते कळत नाही. रातवा पक्षी अंधारात एकाच ठेक्यावर बोलत राहतो. राजपुरीच्या धक्क्याला बांधलेल्या होड्या भरतीला एकमेकींवर घासतात आणि जे कण्हणं निघतं, ते कोणत्याही बिजागरीतून काढता येणार नाही. जोरात किंचाळणारं यात काही नाही, आणि चांगल्या भयपटाला नेमकं तेच हवं असतं. किंकाळी स्टुडिओत केव्हाही मिळते.

तुलसी रामसे २०१८ साली गेले, श्याम २०१९ साली. आता फोनएवढ्या यंत्रावर उत्तम ध्वनिमुद्रण होतं. त्यासाठी कुणा रामसेंची वाट पाहायला नको. मराठी भयपट करू पाहणाऱ्यांनी लोकेशन बघायला येताना सोबत ध्वनिमुद्रकालाही आणावं आणि एक रात्र नुसतं रेकॉर्डिंग करावं. वाड्यात शिरायचा प्रयत्न मात्र करू नये. ती खासगी मालमत्ता आहे, आत सोडत नाहीत.