ध्वनिमंजूषेचा जीर्णोद्धार

1958 मध्ये स्टिरिओ तबकड्या अमेरिकेच्या बाजारात रुळू लागल्या आणि 1961 मध्ये तेथील एफ.एम. केंद्रांना स्टिरिओ प्रक्षेपणाची सरकारी परवानगी मिळाली. या दोन घटनांनी ज्या वस्तूला दिवाणखान्यात मानाचे स्थान प्राप्त करून दिले, ती म्हणजे स्टिरिओ कन्सोल. रेकॉर्ड चेंजर, रेडिओ, ध्वनिवर्धक आणि दोन्ही टोकांचे ध्वनिक्षेपक अशी सारी सामग्री एकाच लांबट लाकडी कपाटात सामावणारे हे यंत्र आपल्याकडील रेडिओग्रामचे थोरले भावंड होय.

या परंपरेत मॅग्नाव्हॉक्सचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या ज्या दोघांनी 1915 मध्ये कॅलिफोर्नियातील नापा येथे ध्वनिक्षेपक सिद्ध केला, आणि ज्यांच्या यंत्राद्वारे 1919 मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचे भाषण सॅन दिएगोच्या क्रीडांगणातील विराट समुदायापर्यंत पोचले, त्यांच्याच उद्योगातून वाढलेल्या या कंपनीने 1960 च्या दशकात ‘ॲस्ट्रो-सॉनिक’ ही मालिका काढली. तिच्यात व्हॉल्व्हची जागा ट्रान्झिस्टरांनी घेतली होती, आणि मोठ्या नमुन्यांत मंद्र स्वरांसाठी 15 इंची ध्वनिक्षेपक व तार स्वरांसाठी कर्णे अशी कामाची वाटणी होती.

अशा कन्सोलवर इंटरनेटवरील संगीत ऐकावे ही इच्छा सर्वथा योग्य आहे. परंतु त्यासाठी मूळ यंत्रणा उपटून रिकाम्या कपाटात नवा ध्वनिवर्धक बसविण्याला मी आधुनिकीकरण म्हणणार नाही. ज्या आवाजासाठी कपाट जपले, तोच त्यातून हद्दपार होतो.

प्रथम काम दुरुस्तीचे. वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या यंत्राला एकाएकी पूर्ण दाबाची वीज देऊ नये. त्यातील इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर आतून सुकलेले असतात, आणि ते बदलल्यावाचून कर्कश गुणगुण थांबत नाही. काही स्वस्त कन्सोलांत तर ट्रान्सफॉर्मरच नसतो व चॅसिसमध्येच वीज उतरलेली असू शकते. तेथे जाणत्या कारागिराशिवाय कोणी बाहेरची तार जोडू नये. भारतात आणलेल्या यंत्राची आणखी एक अडचण आहे. 230 चे 120 व्होल्ट करणे सोपे. परंतु विजेच्या सेकंदाला 60 आवर्तनांसाठी घडविलेली चेंजरची मोटर आपल्या 50 आवर्तनांवर मंदावते, मिनिटाला 33⅓ फेरे घेणारी तबकडी 28 च्या आसपास येते, आणि काळी एकचा षड्ज उतरून खालच्या काळी पाचच्याही किंचित खाली जातो. स्ट्रीमिंगच्या संगीताला ही बाधा होत नाही, कारण त्याची गती मोटरीच्या हुकमतीखाली नसते.

आता जोडणी. कपाटाची भोके पाडलेली पाठ स्क्रू काढून दूर केली, की अनेक नमुन्यांत चेंजरच्या तारांजवळच टेपसाठी राखलेली खोबणींची जोडी दिसते. नव्या पाहुण्याला, म्हणजे स्ट्रीमिंग यंत्राला, प्रवेश द्यायचा तो येथूनच, पिकअपच्या (फोनोच्या) खोबणीतून नव्हे. तबकडी कापताना मंद्र स्वर मुद्दाम दुर्बल आणि तार स्वर प्रबळ केलेले असतात, व चुंबकीय पिकअपसाठीचे मंडल हा व्यवहार उलटा फिरविते. शिवाय त्या पिकअपचा संकेत काही मिलिव्होल्टांचा, तर स्ट्रीमिंग यंत्राचा दोन व्होल्टांपर्यंतचा. म्हणून फोनोच्या खोबणीत ते यंत्र जोडल्यास गाणे घुमते आणि फाटते. टेपच्या खोबणीत जोडून आवाज बेताचा ठेवल्यास तेच गाणे 15 इंची ध्वनिक्षेपकांतून भरदार उमटते. तरीही गुणगुण राहिलीच, तर मध्ये लहानसा विलगीकरण ट्रान्सफॉर्मर घालावा.

या साऱ्या व्यवस्थेत लाकडाला एकही नवे छिद्र पडत नाही, आणि तिचा खरा गुण माझ्या मते हाच. स्ट्रीमिंगची साधने काही वर्षांतच कालबाह्य होतात. कपाट मात्र साठ वर्षे टिकले आहे आणि आणखी साठ वर्षे टिकावे अशा योग्यतेचे आहे. म्हणून जे जोडले ते विनासायास काढता यावे, आणि कोणता भाग काढला, कोणत्या मूल्याचा घातला, याची तारीखवार नोंद कपाटाच्या आतच ठेवावी. पुढील मालकाला यंत्राइतकाच या दस्तऐवजावरही हक्क आहे.